राखेतली ठिणगी

एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजात अग्निशमन सप्ताहाचं प्रात्यक्षिक झालं. जवानांनी मैदानावर आग पेटवली, विझवली, दोरावरून एका मुलाला गच्चीतून खाली उतरवलं. टाळ्या झाल्या. कार्यक्रम संपल्यावर बी.ए.च्या एका मुलीने मला विचारलं, ‘‘मॅडम, ह्यांना मेडल मिळतंय काय?’’

मी तिला सप्ताहाची गोष्ट सांगितली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. जवान पाण्याचे झोत मारत राहिले. दुपारी चारनंतर एकापाठोपाठ दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या आगीत गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. पण मुलीच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्याने होत नव्हतं. जीव वाचवणाऱ्याला पदक द्यावं, हे माणसाला सुचलं तरी कधी? घरी येऊन मी पुस्तकं उघडली.

१७७४ साली लंडनमध्ये विल्यम हॉज आणि थॉमस कोगन या दोन डॉक्टरांनी एक संस्था काढली. पुढे तीच ‘रॉयल ह्यूमेन सोसायटी’ झाली. बुडालेला माणूस निपचित पडला की लोक त्याला मेलेलाच समजत. या डॉक्टरांचं म्हणणं, थांबा, प्रयत्न करा. बुडणाऱ्याला बाहेर काढून शुद्धीवर आणू पाहणाऱ्याला संस्था रोख बक्षीस देई. मग व्हायचं तेच झालं. एकाने बुडायचं सोंग करायचं, दुसऱ्याने वाचवायचं आणि पैसे निम्मेनिम्मे! म्हणून हळूहळू पैशाच्या जागी पदक आणि प्रशस्तिपत्र आलं. पदकाचं सोंग करून पोट भरत नाही, हे त्या लोकांना लवकर कळलं म्हणायचं.

त्या पदकावरचं चित्र मला फार आवडलं. एक लहान मूल विझलेल्या मशालीवर फुंकर घालतं आहे. भोवती लॅटिन अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ, कदाचित एखादी ठिणगी अजून दडलेली असेल. आपल्या आज्यांना हे लॅटिनमधून शिकवायची गरज नव्हती. रात्री चुलीत राखेखाली निखारा झाकून ठेवायचा, पहाटे फुंकणीने फुंकायचा. मराठीत निखारा म्हणा, कन्नडमध्ये केंड म्हणा, फुंकर तीच.

पुढे समुद्रासाठी पदकं आली, आगीसाठी आली. १८२४ साली इंग्लंडात जहाज फुटून बुडणाऱ्यांसाठी संस्था निघाली आणि तिने सोन्याचांदीची पदकं सुरू केली. १८३६ साली आगीतून जीव वाचवण्यासाठी वेगळी संस्था निघाली. तिने लंडनच्या रस्त्यांवर उंच शिड्या आणि माणसं तैनात ठेवली, आणि वाचवणाऱ्यांना पदकंही दिली. सरकारी ‘अल्बर्ट मेडल’ १८६६ मध्ये आलं ते फक्त समुद्रासाठी. जमिनीवरच्या शौर्याला त्यात जागा मिळायला १८७७ साल उजाडलं.

या सगळ्यात मनात घर करून राहिली ती ग्रेस डार्लिंग. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लाँगस्टोन नावाचं दीपगृह आहे. तिथल्या रखवालदाराची ही मुलगी. ७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे ‘फोरफारशायर’ ही आगबोट वादळात खडकावर आपटून फुटली. साठाहून जास्त माणसं होती. उजाडल्यावर खडकावर काही जण हलताना दिसले. बावीस वर्षांची ग्रेस आणि तिचे वडील एकवीस फुटी होडी घेऊन निघाले. ती होडी एरवी तिघांनी वल्हवायची. वडील खडकावर उतरले तेव्हा ग्रेस एकटीने वल्ही मारत होडी खडकावर आपटू न देता धरून राहिली. पहिल्या खेपेत चार पुरुष आणि एक बाई आली. त्या बाईची दोन्ही लेकरं खडकावरच गेली होती. दुसऱ्या खेपेत आणखी चौघे. एकूण नऊ.

ग्रेसला रौप्यपदक मिळालं, राणीकडून पन्नास पौंड आले. लोक तिच्या केसांची बट मागू लागले, चित्रकार रांग लावू लागले. २० ऑक्टोबर १८४२ रोजी क्षयाने ती गेली, तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच वादळात किनाऱ्यावरून कोळ्यांची एक होडी निघाली होती. त्यात ग्रेसचा भाऊही होता. ती पोचली तेव्हा खडकावर फक्त प्रेतं उरली होती. समुद्र तोच होता, लाटा त्याच होत्या. त्या कोळ्यांची नावं आज किती जणांना ठाऊक असतील?

हे वाचलं आणि पुस्तक मिटावं लागलं. मी आठ वर्षांची असेन. मे महिन्यात आजोळी, विहिरीत पोहायला शिकत होते. पाठीला भोपळा बांधलेला. दोर सुटला, भोपळा एकीकडे आणि मी दुसरीकडे. मोठी मुलं घाबरून पायऱ्यांवर चढली. शेजारच्या मळ्यात कामाला येणारे एक अज्जा धोतरासकट उडी मारून खाली आले. मला आठवतं ते एवढंच, की काठावर कुणीतरी माझी पाठ चोळत होतं आणि म्हणत होतं, ‘‘अळबेड, अळबेड.’’ आजीने त्यांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. टॉवेल-टोपी त्यांनी परत केली. नारळ तिथेच फोडला आणि सगळ्या पोरांना खोबरं वाटलं.

प्रात्यक्षिकाच्या संध्याकाळी मामाला फोन केला. विचारलं, ‘‘त्या अज्जांचं नाव काय होतं?’’ मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘‘आम्ही सगळे अज्जाच म्हणायचो गं.’’

एम.ए. झाले, वर्गात पोरांकडून लेखकांची नावं पाठ करून घेते. ज्या माणसामुळे आज जिवंत आहे त्याचं नाव मात्र तीस-पस्तीस वर्षांत कधी विचारलं नाही. ते आमच्याशी कन्नडमध्ये बोलायचे, आम्ही मराठीत उत्तर द्यायचो. भाषा कधी आड आली नाही. आड आला तो आमचा आळस.

आपल्याकडे १९६१ पासून ‘जीवन रक्षा पदक’ आहे. बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला वाचवणाऱ्या कुणालाही ते मिळू शकतं. मात्र त्यासाठी शिफारस जावी लागते, म्हणजे कुणीतरी बसून नाव, गाव, तारीख लिहावी लागते. पदक धातूचं असतं खरं, पण त्याची सुरुवात कागदावर होते.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितलं, ‘‘मिळतं. पण कुणीतरी नाव लिहिलं तरच.’’

येत्या सुट्टीत आजोळी जाणार आहे. अज्जांची नातवंडं त्या बाजूला असतील, असं मामा म्हणतो. वाचकहो, तुमच्याही घरात अशी एखादी विहीर, एखादी आग, एखादा पूर असेल. ज्यांना आठवतं ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या. मला नाव मिळालं, तर याच सदरात कळवीन.