बॅटरी बदलण्याआधी मोजमाप मागा



शेवगाव-पाथर्डीकडे ज्वारीची मळणी तोंडावर आली की नेमका ट्रॅक्टर रुसतो. सेल्फ मारला की नुसते कटकट वाजते. फिटर सांगतो, ‘बॅटरी गेली.’ कापसाचे आलेले पैसे आपण काढून देतो. आठ दिवसांत नवी बॅटरीही उतरते. कारण दोष तिच्यात नव्हताच. तिला भरणारा अल्टरनेटर काम करीत नव्हता.

आमचे म्हणणे साधे आहे : मोजल्याशिवाय पैसा देऊ नका. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून रेस वाढवली की आकडा १३.८ ते १४.५ वर यायला हवा. तेवढाच राहिला किंवा घसरला, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरीचे पाणी आटणार.

अल्टरनेटर खोलण्याआधी पट्टा ढिला आहे का, बॅटरीच्या टोकांवर क्षार चढले आहेत का, अर्थिंगची वायर सैल आहे का, हे पाहा. याला पैसा लागत नाही. चालू इंजिनवर बॅटरीची वायर मात्र काढू नका. जुन्या डायनामोला ते खपून जाई. अल्टरनेटरचे डायोड त्याने जळू शकतात.

लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि आपल्या ट्रॅक्टरचे निदान मात्र अंदाजाने! कापसाच्या काट्यावर आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. तीच नजर इथेही हवी. प्रत्येक गावाने वर्गणी काढून एक मीटर घ्यावा.