पनीर, तूप आणि गोचीड

माकडताप मूळचा शिमोग्याच्या क्यासनूर जंगलातला, १९५७ सालचा. २०१६ मध्ये गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा हा आजार सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला आणि सुट्टीत गावी जाणाऱ्या बोरिवली-मुलुंडच्या चाकरमान्यांनाही तो माहीत झाला. ताप उतरल्यावरही अशक्तपणा रेंगाळतो. मग कुणीतरी सुचवतं, कीटो करून बघा!

कीटोला, म्हणजे अगदी कमी कर्बोदकांच्या आणि भरपूर स्निग्ध पदार्थांच्या आहाराला, वैद्यकीय इतिहास आहे. मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये हा आहार मांडला तो अपस्मारासाठी. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांच्या झटक्यांवर तो आजही वापरतात, पण आहारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. गोचीडजन्य आजार त्याने बरे होतात, असा भक्कम पुरावा नाही.

तरीही घाटकोपरच्या शाकाहारी घरात प्रयोग सुरू होतो. दिवसाला कर्बोदकं २० ते ५० ग्रॅम. म्हणजे भात, भाकरी, वडापाव सगळंच बाद. उरतं पनीर, तूप, बदाम. गंमत म्हणजे गोचिडीतून पसरणाऱ्या जिवाणूजन्य तापावर (विषाणूजन्य माकडतापावर नव्हे) हमखास दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन दुधातल्या कॅल्शियममुळे कमी शोषलं जातं. अमेरिकेत तर काहींना गोचीड चावल्यावर लाल मांसाचीच ॲलर्जी होते, क्वचित दुधाचीही. त्यांच्या कीटोच्या ताटात उरणार काय?

धोका एवढाच नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना कीटो केल्यास रक्तात आम्ल धोकादायक प्रमाणात वाढू शकतं. हे जिममधला प्रशिक्षक सांगत नाही. अंधेरीतल्या फॅमिली डॉक्टरला मात्र गोळ्यांची चिठ्ठी दाखवता येते, तीही किराणा बदलण्याआधी.