वैयावृत्य घरातल्या माणसाचंही



माझी धाकटी जाऊ दशलक्षण पर्वातही मंदिरात दिसत नाही. उलट सूर्यास्तानंतर तिच्या घरी गॅस पेटलेला असतो. "हिचा धर्म सुटला," असं मी एकदा चारचौघींत बोलून गेले होते. आज त्याची लाज वाटते.

तिचा मुलगा ३४ वर्षांचा आहे. कॉलेजात असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. कानात आवाज येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटतं. गेल्या वर्षी जावेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी चार दिवस तिच्याकडे राहिले. रात्रीची गोळी जेवणानंतरच द्यायची, आणि तो नऊच्या आधी जेवत नाही. गोळी गिळेपर्यंत समोर बसायचं. रात्री दोनला तो फेऱ्या मारायला लागला की आपणही जागायचं. चार दिवसांत मी थकले. ती हे १५ वर्षं करते आहे.

निघताना म्हणाली, "अक्का, कष्टाचं काही नाही. मी गेल्यावर त्याचं कोण, एवढंच मनात येतं."

आपण चटकन म्हणतो, पूर्वकर्म. असेलही. पण बाजूला उभं राहून नुसतं बघणं, हे कर्म आपलं आहे. अंतरंग तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्य येतं. त्यागींच्या आहारासाठी चौका लावायला आपण पहाटे उठतो. मग अशा घरातल्या आईसाठी आठवड्याचे दोन तास का निघू नयेत?

मी कॉमर्सची, म्हणून हिशोबानेच सांगते. तिला चार गोष्टी हव्यात.

पहिली, विसावा. कुणीतरी घरी बसावं आणि तिने निर्धास्त बाहेर पडावं.

दुसरी, बोलायला माणूस. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, घरचेही फोन करू शकतात. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांसोबत कुटुंबीयांसाठीही काम करते. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीलाच हा आजार होता.

तिसरी, पैशाचा आधार. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. किमान ४० टक्क्यांचा दाखला मिळाला, तर जुन्या करपद्धतीत सांभाळणाऱ्याच्या उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची. जावेच्या घरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक काय म्हणतील म्हणून दाखलाच काढला नव्हता.

चौथी, पुढची सोय. मृत्युपत्र, घर, औषधांचा खर्च, लक्ष कोण ठेवणार, हे आई-वडील असतानाच भावकीने एकत्र बसून ठरवावं.

चौक्याच्या पाळ्या लावतो तशा आपल्या मंडळाने या घरांसाठी लावाव्यात, असं माझं म्हणणं आहे. मात्र आधी त्या आईला विचारावं, आणि तिथे पाहिलेलं बाहेर बोलू नये.

मी दर गुरुवारी दुपारी जाते. पहिल्या गुरुवारी वाटलं, जाऊ आता मंदिरात जाईल. ती आतल्या खोलीत गेली आणि झोपली. मी तिला उठवलं नाही.