पैकीच्या पैकी

फेब्रुवारी म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळदीचे दिवस. वसमत-कळमनुरीच्या शिवारात हळद शिजवायचे कुकर धडधडत असतात, खळ्यावर पिवळे थर वाळत पडलेले असतात, आणि नेमक्या त्याच धांदलीत बारावीची परीक्षा येते. काही वर्षांपूर्वी मी एका केंद्रावर पर्यवेक्षक होतो. पेपर भौतिकशास्त्राचा. तिसऱ्या बाकावरच्या मुलीची बोटं नखांपर्यंत पिवळी. पहाटे हळदीला हात लावूनच ती आली असणार. मान वर न करता लिहीत होती आणि उत्तरपत्रिकेच्या कडेला तिच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला होता.

तेवढ्यात खिडकीच्या गजातून एक बोळा आत पडला, तिच्या पुढच्या मुलासाठी. मायक्रो झेरॉक्स, अख्खं प्रकरण तळहातात मावेल एवढं. बाहेर गजाला लोंबकळणारा माणूस काही गुंड नव्हता. त्या मुलाचा मामा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेला. मी ओरडलो तर शांतपणे म्हणाला, "सर, लेकराचं वर्ष जाईल. तुमचं काय जातंय?"

मी बोळा उचलून खिशात घातला आणि गप्प बसलो. अहवालात एक ओळ लिहिली नाही. म्हणून पुढे जे लिहितोय त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मीही उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बारावीच्या गुणांची प्रवेशातली किंमत आज काय? इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गाला तीन विषयांत मिळून 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के मिळाले की बारावीचं काम संपलं. पुढची रांग सीईटीच्या पर्सेंटाइलवर. शेहेचाळीस टक्केवाला आणि ब्याण्णव टक्केवाली त्या रांगेत जवळपास सारखेच. मेडिकलला नीटचे 720 पैकी गुण पाहतात. बारावी तिथेही 50 टक्क्यांच्या उंबऱ्यावर, राखीव असेल तर 40 टक्क्यांवर, चप्पल काढून बाहेर बसते. 2014 आणि 2015 या दोन वर्षी आपल्या राज्यात इंजिनिअरिंगला जेईई मेन घेतली आणि बारावीला निम्मं वजन दिलं होतं. 2016 ला सीईटी परत आली, ते वजन गेलं. बी.ए., बी.एस्सी.ला बारावीचे गुण चालतात, पण तिथे गुण विचारायला गर्दीच कुठे असते?

यावर पारावर एक ठरलेलं रडगाणं चालतं: सरकारनं बोर्डाची किंमत घालवली. सरकारची वकिली करायची मला हौस नाही. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका तराजूत तोलता येत नाहीत, ही अडचण खरीच होती. पण खोटं नाणं कोणी पाडलं ते आधी सांगा. "सेंटर कसंय?" हा प्रश्न दहावी-बारावीच्या प्रत्येक घरात विचारला जातो, आणि त्याचा अर्थ 'बाकं चांगली आहेत का' असा कोणी घेत नाही. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा 1982 पासून आहे. शेजारच्या नांदेडला 2010 च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपी रोखून दाखवली, तेव्हा निकाल धाडकन खाली आला. म्हणजे त्याआधीचा निकाल आपल्या लेकरांचा नव्हता, मामांचा होता. आणि असा गुण बाजारात कोणी घेईना, तर आपण बाजारालाच शिव्या घालतो!

लेखी पेपर निदान चारचौघांत तरी होतो. प्रॅक्टिकलचं काय? भौतिकशास्त्राच्या शंभरातले तीस गुण प्रयोगाचे. मी एका ठिकाणी बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो. कपाटाला कुलूप, किल्ली शोधायला शिपाई पाठवला. कपाट उघडलं तर व्हर्नियर कॅलिपर कारखान्यातून आला तसा तेलकट कागदात गुंडाळलेला. जर्नलं मात्र सगळ्यांची पूर्ण, सगळ्यांची रीडिंगं एक, खाडाखोडही एकाच जागी. गुण? तीसपैकी तीस, एकोणतीस, तीस. दुपारी जेवण छान होतं, हेही सांगायला हवं.

आणि हे कुठल्या जिल्ह्यात? इथल्याच औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटींना मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्याही हजाराव्या हिश्शाहून बारीक हालचाल. दुधाळ्याच्या माळावर जग येऊन मोजमाप करणार, आणि आमच्या पोरांना व्हर्नियरची पट्टी कशी वाचायची ते माहीत नाही. जमीन आमची, फार तर पहारेकरी आमचा.

मग ज्याला झेपतं तो काय करतो? पोराचं नाव गावच्या कॉलेजात, कारण तिथे हजेरीची कटकट नाही. आणि पोरगं लातूरला नाहीतर नांदेडला क्लासला. फी, मेस, खोली. हळदीचा पैसा त्यात जातो, कमी पडला तर एकर-अर्धा एकर गहाण. त्या ओढग्रस्त बापाला मी दोष देत नाही. पण पैसा एकापुरताच असतो आणि घरात लेकरं दोन असतात. कोण लातूरला जातं? विचारायची गरज नाही. पोरगी घरून ये-जा करते आणि 'तुला काय, बारावी झाली की बास' हे ऐकत राहते. बोर्डाचा गुण ही त्या पोरीची एकच कमाई होती. क्लासवाचून, खोलीभाड्यावाचून, नुसत्या पुस्तकावर मिळणारी. आपण तिच्याच वर्गात तिच्याच गुणांचा फुकट वाटप सोहळा लावला आणि तिच्या ब्याण्णवची माती केली.

शाळेच्या गुणाला अजून किंमत आहे अशीही जागा आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडी 'एपी' हा शब्द असतो. शाळेतच कॉलेजच्या तोडीचा विषय घ्यायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, गुण एक ते पाच. पण तिथली बहुतेक कॉलेजं आधी विचारतात ते शाळेतल्या चार वर्षांत काय केलंस ते. एपीचा आकडा त्याला जोड म्हणून. तिथेही गरीब वस्तीतल्या शाळांत हे विषय कमी, हा अन्याय आहेच. तरी शाळेच्या गुणावर कॉलेजचा विश्वास आहे, तो शाळेनं टिकवला म्हणून.

वैद्यकीय प्रवेशात सत्तर टक्के जागा आपापल्या विभागातल्यांना देणारं 70:30 सूत्र मराठवाड्यावर अन्याय करतं म्हणून आपण आवाज उठवला. 2020 च्या सप्टेंबरात ते रद्द झालं. रास्तच मागणी होती. 2024 ला हिंगोलीत शंभर जागांचं सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं. पण त्या कुलूपबंद कपाटासाठी कोणी मोर्चा काढला? महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे गाऱ्हाणं मांडलं होतं की रयतेच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर उधळला जातो. आज त्या रयतेचा नातू संस्थाचालक आहे, प्राचार्य आहे, केंद्रसंचालक आहे. कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात आहे.

त्या पिवळ्या बोटांच्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. नाव विचारायचं मला सुचलंही नाही.

पुन्हा फेब्रुवारी येईल. बैठं पथक येईल, भरारी पथक येईल, कॅमेरे लागतील. पेपर अकराला सुरू होतो. मामा दहाला घरातून निघतो. तो तुमच्याच घरातला असेल, तर त्याला उंबऱ्यावरच अडवा.