पडीक कोणाच्या हिशेबात?

सोलापूर जिल्ह्यातील माळरानांना सरकारी भाषेत एकच विशेषण ठरलेले आहे : पडीक. हा शब्द वनस्पतिशास्त्राचा नव्हे, महसुलाचा आहे. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, हा ब्रिटिश राजवटीचा दंडक स्वराज्यानेही जसाच्या तसा उचलला.

वस्तुतः या हलक्या, रेताड-मुरमाड जमिनीत अंजन, पवन्या, मारवेल ही देशी गवते पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. उन्हाळ्यात ती वरून वाळतात; मुळे मात्र माती धरून जिवंत राहतात आणि पहिल्या पावसासरशी फुटतात. या गवतावर धनगरांची मेंढरे जगतात. त्यातून लोकर, मांस आणि शेतात मेंढ्या बसवून मिळणारे खत निर्माण होते. गवत बाजारात विकले जात नाही, म्हणून ते हिशेबात धरले जात नाही. हा निसर्गाचा नव्हे, हिशेबाचा दोष आहे.

माळावर झाडे लावणे हा या दोषावर उपाय समजला जातो. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने ५० कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य मिरवले. गवताची गणती कोणी केली? नान्नज येथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. त्या पक्ष्याला उघडे माळ हवे असताना तेथेच मध्य अमेरिकेतील गिरीपुष्पाची लागवड झाली. उलट आपले अंजन ऑस्ट्रेलियात मुद्दाम पेरले गेले आणि आज ते तेथील देशी वनस्पतींना डोईजड झाले आहे. जे जेथले, तेच तेथे पोषक असते.

मेंढरांनीच कुरणे संपवली, असा आक्षेप घेतला जातो. अतिचराईने चांगले गवत जाऊन कुसळ माजते, हे खरेच. परंतु चराईचे क्षेत्र कुंपणे, कारखाने आणि लागवडी यांनी आक्रसत गेले, तर उरलेल्या तुकड्यावर सारा भार पडणारच. जमीन ज्यांनी घेतली ते नामानिराळे आणि दोषी मात्र भूमिहीन मेंढपाळ, हा कोणता न्याय?

२००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य केला आहे. वनजमिनीवर तो प्रत्यक्षात द्यावा. गायरानांवर ग्रामसभा आणि मेंढपाळ यांनी मिळून आळीपाळीची चराई ठरवावी. आणि दप्तरातील ‘पडीक’ खोडून तेथे ‘कुरण’ लिहावे. माळ पडीक नाही. पडीक आहे ती त्याच्याकडे पाहणारी दृष्टी.