पदकाआधीचे तारण

रायपूरच्या सदर बाजारात ‘तारण’ या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सराफ सोने कसोटीवर घासतो, तोलतो, मगच रकमेचे बोलतो. बँकेतही क्रम हाच: आधी मूल्यांकन, नंतर कर्ज. पैसा ठेवीदारांचा असल्यामुळे ही शिस्त योग्यच होय. मात्र खेळाडूला साहाय्य करतानाही समाज हाच हिशेब लावतो. पदक दिसल्याशिवाय त्याच्या थैलीची गाठ सुटत नाही, आणि पदक मिळालेल्या खेळाडूची निकड तोवर बहुधा सरलेली असते.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी १९५२ साली हा क्रम उलटा केला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्यांचे माजी विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरील कुस्तीचा फारसा सराव नसतानाही ते सहावे आले होते. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पुन्हा पैशाची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी यथाशक्ती वर्गणी दिली; प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आजच्या मोजमापाने रक्कम लहान वाटेल. शिक्षकी पेशातील गृहस्थाचे त्या काळी ते सर्वस्व होते. या व्यवहारात मूल्यांकन कशाचे झाले? एका तरुणाच्या मनगटाचे आणि त्याच्या शब्दाचे.

हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. एका लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना पुढच्या लढतीसाठी उतरविले गेले आणि आक्षेप घेण्यास भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगितले जाते. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे लिअँडर पेसपर्यंत, थांबावे लागले. शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गावाने खाशाबांचे स्वागत केले. परंतु त्यानंतरची त्यांची कृती मिरवणुकीपेक्षा मोठी आहे. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले. दानशूर खेळाडूंच्या यादीत खाशाबांचे नाव सहसा येत नाही, कारण त्यांनी दिले ते देणगी म्हणून नव्हे, कर्जफेड म्हणून. कर्जखात्यांशी रोजचा संबंध असलेल्यांना यातील थोरवी अधिक उमगावी.

समाजाने मात्र त्यांचे देणे फेडले असे म्हणवत नाही. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले; पदोन्नती आणि निवृत्तिवेतन दोन्हींसाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशक उलटल्यावर.

दूर अमेरिकेतील एक उदाहरण येथे आठवते. तेथील फुटबॉलमध्ये बचावाच्या पहिल्या रांगेत उभे राहून प्रतिस्पर्ध्याची चढाई जागीच मोडून काढण्याचे दणकट काम काही खेळाडूंकडे असते. मिनेसोटा वायकिंग्जचा ॲलन पेज हा त्यांपैकी एक. १९७१ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावातील खेळाडूला हा मान प्रथमच मिळाला. खेळत असतानाच त्याने कायद्याची पदवी घेतली आणि पुढे तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. १९८८ मध्ये पत्नीसह स्थापन केलेल्या प्रतिष्ठानातून तो गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊ लागला. अट एकच: विद्यार्थ्याने दरवर्षी ठरावीक तास लहान मुलांच्या शिक्षणासाठी द्यावयाचे. परतफेड रुपयांत वा डॉलरांत नाही, वेळात.

सदर बाजारातील पेढ्या उदार आहेत. स्पर्धांचे चषक, सत्काराच्या शाली, भोजनाचा खर्च हे सारे त्या आनंदाने उचलतात. (चषकावर खेळाडूपेक्षा देणगीदाराचे नाव ठळक कोरलेले असते, तो भाग वेगळा.) रायपूरच्या मैदानांवरील मुलामुलींना हवे असते ते यापूर्वीचे: रेल्वेचे भाडे, बूट, खुराक, नोंदणीचे शुल्क. एखाद्या चषकाच्या किमतीत एका खेळाडूचा राष्ट्रीय स्पर्धेचा प्रवास सहज भागेल. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेने होतकरू खेळाडू निवडावा, पेढीने भाडे द्यावे आणि त्या खेळाडूने सुट्टीत दोन महिने धाकट्यांना मैदानावर शिकवावे. अशा व्यवहाराला मुद्रांक लागत नाही, जामीनदारही नाही.