एकच अल्बम, दोन आवाज: ‘बीटल्स’चा खरा ‘सार्जंट पेपर’ कोणता?

ठाण्याहून सुटलेली लोकल, वायरवाले इअरफोन आणि दोघींत एक गाणं. उजवा कान माझा, डावा मैत्रिणीचा. मी लावलं होतं ‘बीटल्स’चं १९६३ सालचं ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’. अर्ध्या मिनिटात तिने विचारलं, “हे नुसतं म्युझिकच आहे का? गाणार कधी?” माझ्या कानात तर पॉल मॅकार्टनी केव्हाचा गात होता. फक्त माझ्याकडे गिटार आणि ड्रम जेमतेम ऐकू येत होते.

इअरफोन खराब नव्हता. त्या अल्बमचं स्टिरिओ रूप तसंच आहे: वाद्यं एका बाजूला, गाणारे दुसऱ्या बाजूला. स्ट्रीमिंग ॲपवर ‘प्लीज प्लीज मी’ शोधलात तर सहसा हेच रूप समोर येतं. गंमत म्हणजे १९६३ मध्ये ज्यांनी हे गाणं ऐकून वेड लावून घेतलं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते असं ऐकलंच नव्हतं. त्यांनी ऐकलं ते मोनो.

साठच्या दशकातल्या रॉक अल्बमांची मोनो आणि स्टिरिओ अशी दोन वेगळी मिक्स असतात, आणि ‘खरं’ कोणतं यावर चाहते अनेक वर्षं वाद घालत आहेत. एरवी हा वाद हौशी लोकांपुरता राहिला असता. पण गेल्या काही वर्षांत नवी रिमिक्स, डॉल्बी ॲटमॉस आणि संगणकाने जुने आवाज सुटे करण्याचं तंत्र आलं. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा अल्बम आज आपण नेमका कोणत्या रूपात ऐकतो, हा प्रश्न साध्या श्रोत्यापर्यंतही येऊन पोहोचला आहे.

मुळात फरक काय?

मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने येणार. स्पीकर एक असो की चार, सगळ्यांतून तेच. स्टिरिओत डावी आणि उजवी अशा दोन वाटा असतात. दोन्हींत थोडा थोडा वेगळा आवाज सोडला की ड्रम इथून, गिटार तिथून आणि गायक मधोमध उभा असल्याचा भास होतो.

मिक्स म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित केलेले आवाज एकत्र करून अंतिम गाणं बनवणं. कोण किती मोठ्याने, कुठे प्रतिध्वनी, गाणं कुठे विरून जाणार, हे सगळं इथे ठरतं. मोनोत जागा एकच, त्यामुळे वाद्यांची गर्दी तिथेच सोडवावी लागते. एखादी गिटार ऐकू येत नसेल तर ती बाजूला सरकवता येत नाही. तिचा पोत बदलायचा, नाहीतर दुसरं काहीतरी खाली आणायचं. चांगलं मोनो मिक्स घट्ट आणि अंगावर येणारं का वाटतं, त्याचं कारण इथेच आहे.

स्टिरिओ हा काही साठच्या दशकाचा शोध नव्हे. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन याने ‘ईएमआय’ कंपनीत काम करताना १९३१ मध्येच त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे बीटल्सचे अल्बम काढले ते याच कंपनीने. पण स्टिरिओ एलपी दुकानांत यायला पन्नासच्या दशकाची अखेर उजाडली. त्यानंतरही बरीच वर्षं तरुणांच्या खोलीत होता तो एका स्पीकरचा रेकॉर्ड प्लेअर, आणि रेडिओही मोनोच. स्टिरिओ हे जास्त करून शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या, खिसा सैल असलेल्या लोकांचं प्रकरण मानलं जाई.

मग ‘प्लीज प्लीज मी’ स्टिरिओत इतका विचित्र का? कारण तो दोन ट्रॅकच्या मशीनवर मुद्रित झाला होता. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. हेतू एवढाच की नंतर मोनो करताना दोन्हींचं प्रमाण नीट जमवता यावं. स्टिरिओसाठी तेच दोन ट्रॅक दोन कानांना वाटून टाकले. म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या कानात गेला तो एक प्रकारे अर्धा कच्चा माल.

‘सार्जंट पेपर’चं प्रकरण

१९६७ चा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा या वादाचा केंद्रबिंदू. लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत चार ट्रॅकच्या मशीनवर तो घडला. निर्माता जॉर्ज मार्टिन, ध्वनी अभियंता जेफ एमरिक आणि स्वतः बीटल्स यांनी मोनो मिक्सवर बसून काम केलं. स्टिरिओ मिक्स नंतर, तुलनेने घाईत, चौघांपैकी कुणीही हजर नसताना उरकलं गेलं. त्या वेळी कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही. मुख्य माल मोनो होता.

आता वाटेल, काम कमी झालं तरी गाणी तीच ना? तर नाही. त्या काळी मिक्सिंग हाताने होई. बटणं आणि फेडर गाणं चालू असतानाच हलवावी लागत, आणि केलेली हालचाल लक्षात ठेवणारा संगणक नव्हता. शिवाय टेपचा वेग बदलणं, आवाज कृत्रिमरीत्या दुहेरी करणं असे बरेचसे प्रयोग मूळ टेपवर नव्हे तर मिक्स करतानाच होत. दुसऱ्यांदा मिक्स करायला बसलं की ते सगळं पुन्हा करायचं, आणि पुन्हा केलेलं तंतोतंत तसंच कधी होत नाही.

सर्वांत सहज कळणारा फरक ‘शीज लीव्हिंग होम’मध्ये आहे. मोनोत टेपचा वेग वाढवलेला आहे, त्यामुळे गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने चढं आणि काही सेकंदांनी लहान आहे. स्टिरिओत वेग तसाच ठेवला गेला. घर सोडून गेलेल्या मुलीची ही गोष्ट स्टिरिओत रडवेली वाटते. मोनोत तिला निघायची घाई आहे. मला मोनोतली मुलगी जास्त खरी वाटते, पण हे माझं मत झालं. ‘ल्यूसी इन द स्काय विथ डायमंड्स’मध्ये मोनोत आवाजावर एक भोवऱ्यासारखा परिणाम आहे, तो स्टिरिओत बराच फिका आहे. शीर्षक गीत शेवटाकडे पुन्हा येतं, तिथे मोनोत मॅकार्टनी अखेरीस ओरडत असलेला स्पष्ट ऐकू येतो. स्टिरिओत तो जवळपास हरवतो.

आणि जगाने पुढची जवळपास चाळीस वर्षं मुख्यतः स्टिरिओच ऐकलं. मोनो प्रती छापणं साठच्या दशकाच्या अखेरीस थांबलं. सीडी आली तेव्हा १९८७ मध्ये बीटल्सचे पहिले चार अल्बम मोनोत काढले गेले, पण ‘सार्जंट पेपर’ स्टिरिओत. ज्या अल्बमवर इतकी पुस्तकं लिहिली गेली, तो बहुतेकांनी घाईतल्या रूपात ऐकला होता. ९ सप्टेंबर २००९ रोजी ‘द बीटल्स इन मोनो’ हा सीडींचा संच आला, तेव्हा कुठे मोनो पुन्हा दुकानात मिळू लागलं. २०१४ मध्ये त्याच्या एलपी आल्या.

मुंबईतलं एक मोनो मशीन

या गोष्टीचा एक धागा आपल्या फोर्टमध्ये सापडतो. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला आणि त्याने ‘एचएमव्ही’च्या स्टुडिओत भारतीय वादकांसोबत ध्वनिमुद्रण केलं. तिथे होतं फक्त मोनो मशीन. हॅरिसनने नंतर सांगितल्याप्रमाणे, ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. हे मेनन पुढे अमेरिकेत ‘कॅपिटॉल रेकॉर्ड्स’चे प्रमुख झाले.

त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीत मुंबईत मुद्रित झालं. हॅरिसनने आवाज दिला तो लंडनला परतल्यावर. मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला हे गाणं आलं. मोनोत! स्टिरिओ मशीनने हजारो मैल नाही तरी अख्खा देश ओलांडला होता, पण सिंगल तबकडी अजून मोनोच असायची.

मग मोनो नेहमीच श्रेष्ठ?

असं म्हणणारे भेटतात, आणि त्यांच्याकडे बहुधा महागडा संच असतो. पण हे सरसकट खरं नाही. १९६८ चा ‘व्हाइट अल्बम’ घ्या. ‘हेल्टर स्केल्टर’ मोनोत साडेतीन मिनिटांच्या थोडं पुढे संपतं. स्टिरिओत ते विरून जातं, परत येतं, आणि शेवटी ड्रम बडवून बोटांना फोड आल्याचं रिंगो स्टार ओरडून सांगतो. रॉक इतिहासातली ही प्रसिद्ध आरोळी मोनोत नाहीच. बीटल्सचं स्वतंत्र मोनो मिक्स झालेला हा शेवटचा अल्बम. ‘यलो सबमरीन’चं मोनो म्हणजे स्टिरिओच्या दोन वाटा एकत्र केलेल्या, आणि १९६९ चा ‘ॲबी रोड’ केवळ स्टिरिओत निघाला. ‘ॲबी रोड’ मोनोत शोधण्यात अर्थ नाही.

‘बीच बॉइज’च्या ‘पेट साउंड्स’ची गोष्ट वेगळी आणि थोडी हळवी आहे. ११ जून २०२५ रोजी निधन झालेले ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. स्टिरिओचा भास व्हायला दोन कान लागतात. म्हणून १९६६ चा हा अल्बम त्यांनी मोनोत बांधला, आणि तो मोनोतच पूर्ण आहे. कॅपिटॉलने तेव्हा बाजारासाठी ‘ड्युओफोनिक’ नावाचा नकली स्टिरिओ काढला: एका बाजूला खर्ज कमी, दुसऱ्या बाजूला तीव्र स्वर कमी, मध्ये किंचित अंतर. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जुन्या हिंदी गाण्यांवर ‘झंकार बीट्स’ चढवून कॅसेट विकल्या गेल्या, त्याची इथे आठवण यावी. खरं स्टिरिओ मिक्स मूळ टेप जुळवून तीस वर्षांनी, १९९७ च्या सुमारास आलं. विल्सन यांची त्याला संमती होती. त्यात वाद्यं सुंदर सुटी ऐकू येतात. मात्र सुटी ऐकू येणं हा त्या अल्बमचा हेतूच नव्हता. तिथे दोन-तीन वाद्यं मिळून एक नवंच वाद्य तयार होतं.

आता नवं काय घडतंय?

२०१७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ला ५० वर्षं झाली तेव्हा जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिन याने नवं स्टिरिओ रिमिक्स केलं. त्याने जुनं स्टिरिओ बाजूला ठेवून मोनोला प्रमाण मानलं. ‘शीज लीव्हिंग होम’ पन्नास वर्षांनी स्टिरिओतही वेगात आलं.

त्यानंतरची पायरी जास्त मोठी आहे. पीटर जॅक्सन यांच्या ‘गेट बॅक’ (२०२१) या माहितीपटासाठी एकाच टेपवर मिसळलेले आवाज संगणकाला शिकवून वेगळे करण्याचं तंत्र विकसित झालं. २०२२ मध्ये ते ‘रिव्हॉल्व्हर’साठी वापरलं गेलं. ‘टॅक्समन’मध्ये ड्रम, बास आणि गिटार एकाच ट्रॅकवर अडकलेले होते, त्यामुळे ते वेगवेगळे ठेवताच येत नव्हते. आता आले. २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’साठी जॉन लेनन याचा आवाज घरगुती कॅसेटवरच्या पियानोतून सोडवला गेला. ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’चंही नवं मिक्स त्याच वर्षी आलं. ते लोकलमध्ये दोघींनी वाटून ऐकता येतं.

माझी तक्रार रिमिक्सबद्दल नाही. तक्रार आहे ती क्रमाबद्दल. जुनं रूप शेल्फवर राहतं तेव्हा नवं रूप ही भर असते. पण ॲपवर अल्बमचं नाव टाकल्यावर जे सर्वांत वर दिसतं, तेच विशीतल्या श्रोत्यासाठी ‘मूळ’ ठरतं. यात पैशाचाही भाग आहे. ‘ॲपल’ने २०२१ मध्ये डॉल्बी ॲटमॉसची गाणी द्यायला सुरुवात केली आणि २०२४ पासून अशा रूपात उपलब्ध असलेल्या संगीताला १० टक्क्यांपर्यंत जास्त मानधन देण्याचं धोरण आणलं. साठ वर्षांपूर्वीचं मोनो ठळकपणे मांडण्यासाठी असं बक्षीस कुणी ठेवलेलं नाही. दुसरीकडे, ‘कलाकाराला हेच अपेक्षित होतं’ हे वाक्य मोनोचे महागडे संच विकायलाही छान उपयोगी पडतं, हेही विसरू नये.

ऐकायचं असेल तर

ढोबळ मार्ग असा: इंग्लिश-अमेरिकन रॉकमध्ये १९६७ पर्यंतचा अल्बम असेल तर आधी मोनो शोधा. १९६८ असेल तर दोन्ही ऐका. पुढे स्टिरिओ. बॉब डिलनचे सुरुवातीचे अल्बम (२०१०) आणि ‘रोलिंग स्टोन्स’चे साठच्या दशकातले (२०१६) हेही मोनो संचांत पुन्हा निघाले आहेत. ॲपवर अल्बमच्या नावापुढे कंसात मोनो, रिमास्टर, रिमिक्स असं लिहिलेलं असतं, ते वाचा. रिमास्टर म्हणजे जुनंच मिक्स साफसूफ करून दिलेलं. रिमिक्स म्हणजे नव्याने मांडलेलं.

फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असं एक बटण असतं. ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं त्यांच्यासाठी ते दिलेलं आहे, म्हणजे ब्रायन विल्सन यांच्यासारख्यांसाठी. ते चालू केलं म्हणून १९६७ चं मोनो मिक्स मिळत नाही; स्टिरिओचीच दोन टोकं एकत्र बांधली जातात, ‘शीज लीव्हिंग होम’ संथच राहतं. पण इअरफोन वाटून ऐकायचा असेल तर काम भागतं. मैत्रिणीला मी ते चालू करून तेच गाणं पुन्हा ऐकवलं. डोंबिवली येईपर्यंत तिने ते तीनदा लावलं.